बाराव्या खणातली केलेसी

“शंभर वर्षांपूर्वी,” तिमोते व्यासपीठावरून म्हणाला, “या बेटांवर एकाही माणसाला अक्षर ओळखता येत नव्हतं.”

इतकं बोलून त्याने हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरला. मग आणखी लांब धरला. हाताची लांबी संपली, तेव्हा त्याने तो कागद पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याकडे पुढे केला.

“पुढचं काय आहे ते वाच जरा.”

लेसिएलीने बसल्या जागेवरून वाचलं, “रेव्हरंड पेंब्रुक यांनी वावाऊच्या किनाऱ्यावर पाय ठेवला, आणि अंधाराने काढता पाय घेतला.”

“अंधाराने काढता पाय घेतला,” तिमोतेने रिकाम्या नव्या सभागृहाला सांगितलं. रंगीत तालीम होती. श्रोत्यांत आत्या, एक फोटोग्राफर आणि दारात अंग खाजवणारं डुक्कर एवढेच होते. डुक्कर निघून गेलं.

चष्मा आत्याच्या टोपलीत होता. फोटोग्राफर आला, तसा तिमोतेने तो काढून तिच्याकडे दिला होता. चष्म्यात माणूस कारकून दिसतो, असं त्याचं मत होतं, आणि तो तर तोंगातल्या प्रभात मिशनच्या त्रेचाळीस शाळांचा संचालक होता. नावाआधी डॉक्टर लावायचा. ही पदवी त्याला टपालाने आली होती.

लेसिएलीचं वय शहात्तर. त्याच शाळांमध्ये तिने चाळीस वर्षं बिगरीचा वर्ग सांभाळला होता. तिमोतेला स्वतःचं नाव लिहायलाही तिनेच शिकवलं होतं. दोन वर्षं लागली होती.

“भाषण चांगलं आहे,” ती म्हणाली. “एक ओळ कमी आहे.”

तिमोतेने फोटोग्राफरकडे पाहून हसून घेतलं. कोणती ओळ, ते त्याला ठाऊक होतं. महिनाभर तो तीच ओळ चुकवत होता.

शंभर वर्षांपूर्वी पेंब्रुक उतरले ते होडीतून आडवेच उतरले. प्रवासात पोट बिघडलं होतं, ते सात महिने बिघडलेलंच राहिलं. गावातल्या केलेसी नावाच्या पंचवीस वर्षांच्या बाईने त्यांना उचलून आणलं, नारळाच्या पाण्यावर ठेवलं, आणि शाळा काढायला आलेला माणूस उठून बसेपर्यंत मुलांनी ताटकळायचं कशाला, म्हणून सुरूच्या झाडाखाली शाळाही काढली. तिला लिहिता-वाचता येत होतं. शेजारच्या गावात दुसऱ्या एका चर्चची शाळा त्याआधी पन्नास वर्षं चालू होती, तिथे ती शिकली होती. त्या चर्चचं नाव प्रभात मिशनमध्ये काढत नाहीत. त्यामुळे त्यांनी शिकवलेली अक्षरंही अंधारातच धरली जात.

केलेसी लेसिएलीची आजी, बापाची आई. हे सगळं लेसिएलीने तिच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. तिच्या तोंडून ऐकलेलं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. लेसिएलीनंतर उरणार होतं ते तिमोतेचं छापील शताब्दी-पुस्तक, आणि त्यात एकशे चाळीस पानं आणि तिमोतेचे सव्वीस फोटो होते.

“तिमोते, केलेसी तुझी पणजी लागते,” ती म्हणाली.

“म्हणूनच तर पंचाईत आहे, आत्या. संचालकाने स्वतःच्या पणजीला इतिहासात घुसवलं, असं लोक म्हणतील. मला स्वतःची जाहिरात आवडत नाही.”

मागच्या भिंतीवर त्याचं आठ फुटी चित्र टांगायचं काम चालू होतं. डावी बाजू जरा खाली होती.

“कचेरीत पहिली हजेरीवही आहे,” लेसिएली म्हणाली. “सात महिने तिचंच अक्षर आहे त्यात.”

“ती वही आपण काचेच्या कपाटात ठेवतोय.”

“उघडून?”

“बंद. मुखपृष्ठ सुंदर आहे.” मग त्याने आवाज खाली आणला. “आणि आत्या, घरी तू म्हणशील ते. इथे समितीने मंजूर केलंय. इथे मी संचालक.”

हा त्याचा ठरलेला आडोसा होता. तोंगात घरच्या कार्यात बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांच्या वर. ती उंच बसणार, भाचा तिच्या पायाशी, आणि ती तोंडाने जे मागेल ते चारचौघांत तिच्यापुढे ठेवायचं. नाही म्हणायची सोय नाही. म्हणून तिमोते आत्याला होता होईल तो कचेरीतच भेटायचा. कचेरीत खुर्च्या होत्या.

लेसिएलीने टोपलीचं झाकण लावलं आणि ती घरी निघाली. वाटेत प्रभात मिशनच्या दोन शाळा लागल्या. या शाळा वाढल्या कशा, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. एका गावाला घंटा मिळाली, म्हणून दुसऱ्या गावाच्या प्रमुखाला घंटा हवी झाली. घंटेखाली शाळा लागतेच. तिसऱ्या गावाचं दुसऱ्याशी भांडण होतं, म्हणून तिथे त्याहून मोठी घंटा गेली. एका टीचभर बेटावर आपली नऊ मुलांची शाळा आणि समोर त्या दुसऱ्या चर्चची सात मुलांची. ज्या दिवशी जिकडे ब्रेडफ्रूट भाजलेलं असेल, तिकडे सोळाच्या सोळा. शताब्दी-पुस्तकात या प्रकरणाचं नाव होतं ‘वणव्यासारखा प्रसार’. या सगळ्यात मुलं अधूनमधून शिकलीही, ती बहुतेक लेसिएलीसारख्या बायकांमुळे. पुस्तकात त्यांच्यासाठी ‘इतर कर्मचारी’ असं एक पान होतं.

गावाच्या टोकाला बायकांच्या पडवीत लाकडी मोगऱ्यांचा ठकठक आवाज चालला होता. शताब्दीसाठी सालीचं कापड होत होतं. तुतीची साल कुटून पातळ करायची, खळीने तुकड्याला तुकडा जोडायचा, मग रंगवायचं. लांबी पन्नास खण, आणि कडेला खणांचे आकडे टाकायचे, म्हणजे कोणाला केवढं दिलं ते सगळ्यांना दिसतं. कडेच्या पट्टीत चित्रं आणि अक्षरं काढायची. समितीने मजकूर पाठवला होता. प्रत्येक खणात पेंब्रुक होते.

“काय म्हणाला भाचा?” सुलिआने विचारलं. ती रंगाच्या भांड्यापाशी बसली होती. पडवीतली सगळ्यात चांगली चित्रं तीच काढायची, आणि सगळ्यात वाईट बोलायचीही तीच.

“समितीने मंजूर केलंय म्हणाला.”

“समिती म्हणजे तो, त्याचा मेहुणा आणि तो बहिरा खजिनदार. माझ्या कोंबड्या याहून जास्त चर्चा करतात.” सुलिआने कुंचला झटकला. “बाराव्या खणाला मी अजून हात लावलेला नाही. बोल.”

लेसिएली खाली बसली, तिने सुलिआच्या हातून कुंचला घेतला, आणि चाळीस वर्षं फळ्यावर काढलं त्याच गोल, ठळक अक्षरात बाराव्या खणाच्या कडेला दोन वाक्यं लिहिली.

पेंब्रुक आजारी होते. केलेसीने शिकवलं.

सुलिआने ती वाचली आणि वर चित्र काढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिमोते पाहणीला आला. सोबत मेहुणा होता. तो समितीचा सचिव होता आणि छत्री धरायचा. पडवीत फोटोग्राफरही होता. तिमोते कापडाच्या कडेने मागे हात बांधून चालत आला आणि बाराव्या खणापाशी थांबला. चित्रात दाढीवाला एक माणूस चटईवर आडवा होता आणि एक बाई हातात काठी घेऊन मुलांपुढे उभी होती.

“हे आडवे का?”

“प्रार्थनेत आहेत,” सुलिआ म्हणाली. “साष्टांग.”

“वा. नम्रता दिसते.” त्याने डोळे बारीक केले. “आणि ही बाई?”

“स्वयंपाकीण.”

“जरा लहान काढायची होती.”

“लहानच आहे. काठी मोठी आहे.”

मागे दोन बायकांना एकदम खोकला आला.

मग तिमोते अक्षरांपाशी वाकला. लेसिएलीने टोपली उघडली, चष्मा काढला आणि त्याच्यापुढे धरला. काहीही असलं तरी त्याचा चष्मा गरजेच्या वेळी दडवून ठेवणं तिच्या मनाला पटत नव्हतं. तिमोतेने आधी फोटोग्राफरकडे पाहिलं आणि मग माशी हाकलावी तसा हात हलवला.

“मला लागत नाही तो.”

लेसिएलीने चष्मा परत ठेवला. तिमोतेने ओळीवरून डावीकडून उजवीकडे सावकाश बोट फिरवलं. शेवटच्या टिंबापाशी मान हलवली.

“शुद्धलेखन चांगलं आहे,” तो म्हणाला. “मंजूर.”

सचिवाने नोंद केली.

निघता निघता तिमोतेने एक बातमी सांगितली. समारंभ शनिवारी होणार होता. मिशनचे अध्यक्ष मिस्टर हॅरिंग्टन सिडनीहून येणार होते. त्यांना अस्सल तोंगन पद्धत दाखवायची होती, आणि योगायोगाने त्याच आठवड्यात संचालकांना साठ वर्षं पूर्ण होत होती. तेव्हा समितीने, संचालकांचा विरोध डावलून, दोन्ही कार्यं एकाच मांडवात उरकायचं ठरवलं होतं. डुकरं तीच, भाषणं तीच.

बायकांच्या मोगऱ्या थांबल्या. सुलिआने लेसिएलीकडे पाहिलं. लेसिएली चटईचा सुटलेला धागा आत खोवत होती.

“साठाव्या वाढदिवसाचं कार्य म्हणजे घरचं कार्य ना?” सुलिआने अगदी भाबडेपणाने विचारलं.

“अर्थात,” तिमोते म्हणाला. “सगळे मानपान यथासांग. साहेबांना दिसलं पाहिजे.”

तो छत्रीखाली शिरला आणि गेला. फाटकापाशी पोचला, तेव्हा छत्री एकदम थांबली. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग पुढे गेली. आमंत्रणं छापून झाली होती.

शनिवारी मैदानावर त्रेचाळीस शाळांची मुलं ओळीने बसली होती. मधोमध सालीचं कापड पसरलं होतं, पन्नासच्या पन्नास खण. त्याच्या कडेला, बाराव्या खणाजवळ, चटयांची चळत रचून त्यावर लेसिएलीला बसवलं होतं, कमरेला जुनी, कडा झिजलेली चटई गुंडाळून. ती केलेसीची होती. डाव्या हाताला खुर्चीवर मिस्टर हॅरिंग्टन घाम पुसत होते. आणि तिमोते, त्रेचाळीस शाळांचा संचालक, आत्याच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसला होता, कारण पद्धत ती पद्धत.

भाषण त्याने पाठ केलं होतं. ते त्याने बसूनच म्हटलं. अंधाराने काढता पाय घेतला तिथे टाळ्या झाल्या. मिस्टर हॅरिंग्टन यांनी कापडाकडे बोट दाखवून शेजारच्या सचिवाला विचारलं, की संस्थापक झोपलेले का दिसतात. सचिवाने विनयाने सांगितलं, की साहेब, ती प्रार्थना आहे. मिस्टर हॅरिंग्टन यांनी टोपी काढली.

मग कार्याची पुकार करणारा मानकरी उठला. त्याचा आवाज मैदानाच्या पार टोकाला पोचणारा होता.

“आत्याबाईंनी मागावं. भाच्याने द्यावं. कापड, चटया, डुकरं, जे मनात असेल ते.”

नव्या सभागृहाला अजून नाव दिलेलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हातारी सभागृह मागणार, अशी मागच्या रांगांत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, पुस्तक परत छापायला लावणार. तिमोतेने मान वर केली. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

“आत्या,” तो ओठ न हलवता पुटपुटला, “काय हवं ते माग. गाडी माग. सभागृह माग, त्याला तुझ्या आईचं नाव देतो. फक्त इतिहास मागू नकोस. साहेब बसलेत.”

“नाही रे,” लेसिएली म्हणाली. “मला एवढं मोठं काय करायचंय?”

तिमोतेचे खांदे खाली आले. त्याने मानकऱ्याकडे बघून हसतमुखाने मान डोलावली.

लेसिएलीने टोपलीचं झाकण उघडलं. आतून चष्मा काढला, पदरासारख्या सुटलेल्या कापडाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, त्यावर फुंकर घातली, परत पुसल्या. बिगरीच्या वर्गात नवी पाटी हातात देताना जशी वाकायची, तशी खाली वाकली, आणि चष्मा भाच्याच्या नाकावर नीट बसवला. एक काडी कानामागे जात नव्हती, ती तिने सरळ केली.

“बाराव्या खणात काहीतरी लिहिलंय बघ,” ती म्हणाली. “माझी नजर आता पोचत नाही तिथवर. तेवढं मोठ्याने वाचून दाखव जरा.”