वहिनी कधी येणार

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी रात्री नऊनंतरचं मोठं शहर मी पाहिलं नव्हतं. हे मात्र दर वर्षी पाहत. वजनमापं खात्यात हे निरीक्षक होते. दुकानदारांची वजनं ज्या पितळी वजनांशी ताडून बघायची, ती स्वतः खरी आहेत ना, हे दर वर्षी शहरातल्या मुख्य कचेरीत नेऊन तपासून घ्यावं लागे. तीन दिवसांचं काम. निळ्या मखमलीची ती पेटी हे गाडीत मांडीवर घेऊन बसत, तान्हं मूल घेतल्यासारखी. परत आले की मी विचारायचे, "काय पाहिलंत?"

"काय पाहायचंय तिथे. दिवे."

त्या वर्षी मुलं आजीकडे ठेवली आणि मी म्हटलं, मीही येते. ह्यांनी सांगून पाहिलं, खोली लहान असते, जिने फार असतात, कंटाळशील. मी ऐकलं नाही. धाकटी जाऊ पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "इतकं नको म्हणतायत म्हणजे जायलाच हवं." चेष्टेनंच म्हणाली, पण गाडीत मला ते दोनदा आठवलं.

खोली खरंच लहान होती. हे बूट काढून वर्तमानपत्र उघडून बसले. मी चांगल्या चपला घालून दारात उभी राहिले.

"फिरायला नेता, की एकटी जाऊ?"

त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली, पण तो रस्ता मी अजून डोळे मिटून चालू शकते. दुकानांच्या काचा उजळलेल्या, आणि आत कुणी नसताना नुसते कपडे ऐटीत उभे. दोन म्हाताऱ्या भिंतीला टेकून कागदातलं काहीतरी खात होत्या आणि तोंड उघडं टाकून हसत होत्या. एका सलूनमध्ये एक माणूस दाढी करून घेत होता.

"साडेदहाला दाढी करून कुठे जाणार हा?" मी विचारलं.

"जाणार असेल कुठेतरी."

मला इतकी मजा येत होती की ह्यांचं लक्ष कशातच नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एका वळणावर रुंद जिन्यावरून वाद्यांचा आवाज खाली आला, तसं ह्यांनी माझं कोपर धरलं आणि पावलं उचलली.

"हे आपल्यासारख्यांसाठी नाही."

"आपल्यासारखे म्हणजे कसे?"

"दमलेले."

"मी नाही दमले," म्हणून मी जिना चढायला लागले.

वर एक मोठा आरसा होता. मी केस सारखे करायला थांबले. हे मागून आले. कोट आणि छत्र्या ठेवून घेणाऱ्या माणसाला आम्ही एकत्र आहोत हे कळलं नसावं. ह्यांना पाहून त्याचा चेहरा फुलला.

"अहो, आहात कुठे? सगळ्यांनी नुसतं भंडावून सोडलंय. वहिनी आल्या का, वहिनी कधी येणार."

आरशात मला ह्यांचा चेहरा दिसला, आणि हातातली केसांची पिन खाली पडली ती मी उचललीच नाही.

वहिनी हा शब्द माझा होता. ह्यांच्या भावानं, मित्रांनी, कचेरीतल्या शिपायानंही मला दिलेला. आणि इथे, ज्या जागी मी आजवर पाऊल टाकलं नव्हतं तिथे, वहिनी कुणीतरी दुसरीच होती आणि सगळे तिची वाट बघत होते. अठरा त्रिक चोपन्न. चोपन्न दिवसांचा एक वेगळा संसार.

"कोण वहिनी?" मी विचारलं.

"आत बस. सांगतो."

"इथेच सांगा."

"इथे नाही सांगता येत." हे कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते.

आत नाचायची लाकडी फरशी, तिच्यावर पाय सहज सरकावेत म्हणून पांढरी पूड भुरभुरलेली. कडेनं टेबलं. मला एका खांबाशी बसवून हे पाणी आणायला गेले. मी खोलीतली एकेक बाई बघायला घेतली. हिरव्या कपड्यांतली होती, ती फार लहान. माइकपाशी उभी होती, तिचे दंड सुरेख होते, ती असेल. मोठ्यानं बोलणारी एक होती, ती नसावी, ह्यांना मोठा आवाज खपत नाही. ह्यांना काय आवडतं याचा मी असा शांतपणे हिशेब मांडत होते.

तिकीट देणारी बाई जवळून गेली. मी तिला थांबवलं. "वहिनी आल्या का हो?"

"आल्या म्हणतात आत्ताच."

"दिसायला कशा आहेत?"

ती हसली. "दिसायला आपल्या ठीकठाक. पण पाय बघाल. फरशीला कळत नाही पडले कधी ते."

"बरीच वर्षं येतात?"

"मी इथे लागले त्याच्या आधीपासून."

हे पाणी घेऊन आले, समोर बसले, तोंड उघडलं. नेमकी वाद्यं सुरू झाली. तेवढ्यात एक आडदांड माणूस आमच्या टेबलाशी आला. बेकरीवाला होता, हे नंतर कळलं. नखांत पीठ मात्र तेव्हाच दिसलं. त्यानं कमरेत वाकून हात पुढे केला.

"चला, वहिनी."

मी दचकून मागे पाहिलं. मागे खांब होता. पुन्हा पुढे पाहिलं तर त्याचा हात माझ्याकडे नव्हताच, ह्यांच्याकडे होता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून पांढरा रुमाल काढला, मीच इस्त्री केलेला, आणि डावा दंड पुढे केला. बेकरीवाल्यानं सवयीच्या हातानं त्यावर रुमाल बांधला. हे उठले.

बाजारात वजन चार गुंज कमी भरलं तर दुकान बंद करणारा माझा नवरा एका बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून पाठमोरा नाचत होता. मागे न बघता मागे जात होता. कुणाला धक्का नाही, पाऊल चुकणं नाही. डोळे मिटलेले. आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नात पाहिलं नव्हतं, मुलं झाली तेव्हा पाहिलं नव्हतं. दुसरी बाई नव्हती. हुश्श म्हणायला हवं होतं. पण समोरचं पाणी प्यायचंही मला सुचत नव्हतं.

परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. मी विचारायच्या आत बोलायला लागले.

"पहिल्या वर्षी आलो तेव्हा इथे पुरुष फार, बायका कमी. जो रुमाल बांधून बाईच्या बाजूनं नाचेल त्याला तिकीट नाही, असं होतं. फुकट होतं म्हणून आलो."

यावर माझा लगेच विश्वास बसला.

"आणि मग?"

ह्यांनी रुमालाची गाठ चाचपली. "दिवसभर मी सांगत असतो, हे कमी, हे जास्त, हे चालणार नाही. घरी आलो की तेच. पडदे कुठले, मुलांना शाळा कुठली. इथे मला काही ठरवावं लागत नाही. तो नेईल तिकडे जायचं."

आमच्या घरातलं पानसुद्धा ह्यांना विचारून हलायचं, आणि अठरा वर्षं माझी समजूत होती की ह्यांना ते आवडतं. दुसऱ्या बाईचं मी काहीतरी केलं असतं, भांडले असते, माहेरी गेले असते. ह्याचं काय करायचं ते मला कळेना.

"मला का नाही सांगितलंत?"

"हसली असतीस."

"हसले असते."

"आणि धाकटीला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

वाद्यं पुन्हा वाजायला लागली. ह्यांनी माझ्यापुढे हात केला. "ऊठ."

"मला नाचता येत नाही."

"मला पुढे जाता येत नाही. तू ने."

"कुठे?"

"कुठेही."

मी उठले. ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट ओला होता. कुठला पाय आधी टाकायचा हे मी विचारलं असतं तर ह्यांनी सांगितलं असतं, आणि मग संपलंच असतं. मी विचारलं नाही. उजवा टाकला. हे मागे गेले. डावा टाकला, गेले. दोनदा मी ह्यांना टेबलावर नेऊन आदळलं, एकदा तिकीटवालीवर. ह्यांनी हूं का चूं केलं नाही. तिसऱ्या फेरीला मी मान वर करून पाहिलं, तर डोळे मिटलेले होते.

बेकरीवाला पुढे आला, हात पुसत. "आता आमच्या वहिनी द्या जरा."

"हे गाणं होऊ दे," मी म्हटलं.

तो गोंधळला. वाद्यवाले केव्हाचेच थांबून घाम पुसत होते.