निळ्या डब्याचा राखणदार

दार जरा हळू लावा, एवढं आधी सांगतो, ओळख मागाहून. मी हिंगणा रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरातला फ्रिज. एका दाराचा, उंचीनं बेताचा, रंग कधीकाळी लाल. प्रीतमची कंपनीतली नोकरी पक्की झाली तेव्हा त्यानं मला सीताबर्डीच्या बाजारातून टेम्पोत घालून आणलं. त्याच्या आईनं, इंदूबाईंनी, त्याच दिवशी माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला. तो अजून आहे, फक्त मळलाय.

सहा उन्हाळे काढले मी इथं. नागपूरचा मे म्हणजे माझ्या जिवाशी खेळ. त्यात माणसांची एक खोड, भूक नसली तरी दार उघडून आत बघत उभं राहायचं. काय शोधतात त्यांचं त्यांना ठाऊक. पण यंदा माझ्याकडे एक निळा डबा आला आणि घरातल्या लोकांनी माझं दार जपून उघडायला सुरुवात केली.

डब्यात दीप्तीचं इंजेक्शनचं पेन होतं. दीप्ती म्हणजे प्रीतमची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. मागच्या वर्षी एकदा उपचार फसला होता. तेव्हा ती माझ्या दाराला टेकून रडली होती, म्हणून मला माहीत. ही दुसरी खेप. रोज सायंकाळी सात वाजता ती हात धुवायची, नवी सुई लावायची, बेंबीपासून दोन बोटं सोडून काल उजवीकडे तर आज डावीकडे टोचायची. वापरलेली सुई झाकणाच्या जाड बरणीत जायची. "दारात ठेवू नका, फ्रीजरमध्ये तर नाहीच, मधल्या कप्प्यात ठेवा," असं दवाखान्यातल्या काजल सिस्टरनं बजावलं होतं. हे नवराबायकोनं ऐकलं होतं. सासूला मात्र दीप्तीनं संकोचानं एवढंच सांगितलं, "आई, त्या डब्याले हात नका लावू."

इंजेक्शनांचा आठवा दिवस नेमका बुद्धपौर्णिमेचा निघाला. दीप्ती सकाळीच सोनोग्राफीला गेली, प्रीतम सोबत. इकडे विहारातून येणारी माणसं खिरीसाठी घरात येऊ लागली आणि जो तो थंड पाण्यासाठी माझ्याकडे वळू लागला. शेजारची भावना तर हक्कानं माझं दार उघडायची.  डबा कुणी पाहिला तर? इंदूबाईंनी घाईघाईनं तो उचलला आणि वर फ्रीजरमध्ये, बर्फाच्या साच्यामागे सारला. तिथं कोणाचा हात जात नाही ना!

मी काय करणार? मला गोठवता येतं, ओरडता येत नाही. हळूहळू पेनातलं औषध पांढरं पडत गेलं. ते मी माझ्याच गारव्यानं केलं, हे अजून सलतं.

चारला पाहुणे पांगले, तेव्हा इंदूबाईंनी डबा काढला. आत बर्फ. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन मुठीत धरलं, पदरात गुंडाळलं, फुंकर घातली. अर्ध्या तासात औषध पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ झालं. त्यांनी ते मुकाट्यानं मधल्या कप्प्यात ठेवलं आणि डोळे पुसले. आता ते पेन बिघडलंय, हे फक्त मला ठाऊक होतं.

सातला पाच कमी. नवराबायको दवाखान्यातून परतली होती. दीप्तीनं पेन काढलं, उजेडाकडे धरून पाहिलं. ठीक दिसत होतं. प्रीतम घड्याळाकडे बघत उभा. सुई लागली. पोटावर कापूस फिरला. इंदूबाई माझ्या दाराला हात लावून उभ्या होत्या. बोला हो बाई, बोला! माझा कॉम्प्रेसर घर्रकन सुरू झाला, तेवढंच माझ्या हातात होतं.

"थांब वं, दीप्ती!"

सुई त्वचेपासून चार बोटांवर थांबली.

"ते... ते बर्फ झालतं. मीच वर ठेवलं होतं."

"काहून ठेवलं आई?" प्रीतमचा आवाज चढला.

"भावना पाहून राहिली होती ना! लोकायले काहून दाखवाचं, म्हणून. मंग सांगाले भेव वाटलं गा."

 दीप्तीनं सुई काढून बरणीत टाकली आणि काजल सिस्टरला फोन लावला. सिस्टरचं बोलणं साऱ्या खोलीला ऐकू आलं, "गोठलेलं पेन वापराचं नाही ताई, चांगलं दिसलं तरी. मी डॉक्टरले आत्ताच विचारलं. घंटा-दीड घंटा उशीर झाला तर चालते. पण दुप्पट डोस घेऊ नका. भाऊंले थर्मास घेऊन नवं पेन न्याले पाठवा. बर्फ कपड्यात गुंडाळा, पेनाले टेकू देऊ नका."

प्रीतमनं मोटरसायकल काढली. तो परत येईपर्यंत घरात सासू-सून समोरासमोर बसल्या होत्या, पण नजरेला नजर नव्हती. असा तास मी कधी पाहिला नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी नवं पेन आलं. दीप्तीनं नवी सुई लावली. इंदूबाई उठल्या, तिच्या पाठीमागे बसल्या आणि तिला आपल्या छातीला टेकू दिलं. सुई टोचून झाली तरी दीप्ती तशीच टेकून राहिली.

दुसऱ्या दिवशी भावना आली. सवयीनं माझं दार उघडलं आणि थबकली.

"मावशी, हा निळा डबा कायचा वं?"

दीप्ती ओट्यापाशी खिळली. मीही श्वास धरला म्हणा ना. इंदूबाई पोळी लाटता लाटताच म्हणाल्या, "आमच्या दीप्तीचं इंजेक्शन आहे. बाळासाठी. तू पाणी घे, पन त्याले हात नको लावू."

भावनानं बाटली घेतली आणि दार अगदी हळू लावलं.

पुढं काय होईल ते मला माहीत नाही. आणखी दोन दिवस डबा माझ्याकडे आहे. मी म्हातारा होत चाललोय, रबर सैल झालंय, पण हे दोन दिवस मी बरोबर काढीन. तुम्ही फक्त उगाच दार उघडून उभे राहू नका.