ताईच्या पेशी

धाकटीची ताई स्तनाच्या कर्करोगाने गेली, तरी प्रयोगशाळेत ती होती. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीतल्या पेशी, ताईच्याच परवानगीने, धाकटी ज्यांच्या हाताखाली संशोधन करायची त्या सरांनी बाटलीत वाढवायला घेतल्या होत्या. त्या बाटल्या उबदार कपाटात राहत. त्यांतला गुलाबी पोषक द्रव बदलायची वेळ झाली की सर हटकून विचारत, "काय गं, ताई जेवली का?"

"जेवली, आणि नावंही ठेवली," धाकटी म्हणायची. ताई होतीच तशी.

साध्या पेशीतल्या गुणसूत्रांच्या धाग्यांची टोकं दर विभागणीला झिजतात आणि शेवटी पेशी थकून थांबते. ती टोकं भरून काढणारं टेलोमरेज नावाचं विकर बहुतेक पेशींत बंद असतं. कर्करोग ते चालू करून घेतो. ताईच्यात ते कशाने चालू झालं, या एका प्रश्नापायी धाकटी तहानभूक विसरली. उत्तर मिळालं तेव्हा ती बाटलीशी वाकून म्हणाली होती, "सापडला गं तुझा चोर."

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने त्या पेशी मागितल्या. देण्याआधी ओळख पटवायला हवी, म्हणून धाकटीने पेशी आणि ताईच्या रक्ताचा जपून ठेवलेला नमुना तपासणीला पाठवला. आठवड्याने दुपारी तिथून फोन आला.

"मॅडम, या दोन वेगळ्या बायका आहेत. बाटलीतल्या पेशी कुणा दुसरीच्याच, जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरतात त्या."

ती तडक प्रयोगशाळेत सरांकडे गेली. ते हसून उडवून लावतील, अशी तिला वेडी आशा होती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तिच्या पेशी जगल्याच नाहीत गं. पहिल्याच महिन्यात मेल्या. तू इतकी कोलमडली होतीस, माझ्याने सांगवेना. म्हणून बाटली बदलली."

"आणि त्या पेशींवरचे आपले पेपर?"

"तोवर फार पुढे गेलो होतो आपण."

दया म्हणे! अशा दयेच्या कानाखाली वाजवायला हवी. धाकटीला मिळालेलं उत्तर खरं होतं, पण कुणा परक्या बाईचं. आणि ज्याला तिने बापाच्या जागी मानलं, तो माणूस रोज तिच्या डोळ्यांत बघून ताईचं जेवण विचारत होता.

"कुठे टाकलंत तिला?"

 सरांनी फक्त कोपऱ्यातल्या बेसिनकडे पाहिलं. बाटलीला हात लावण्याआधी धाकटी रोज तिथेच हात धूत आली होती.