तीनदा कापलेला मुकुट

मित्रांनो, मी एक जुना, तीनदा कापलेला मुकुट आहे. काचेच्या पेटीपुढे उभे राहून तुम्ही म्हणता, "केवढासा! छोट्या राजपुत्राचा असेल." तेव्हा माझं डोकं फिरतं. मी चांगल्या दांडग्या डोक्यासाठी घडलो होतो!

ते डोकं थोरल्या राजाचं. सोनाराने त्याच्या मागे उभं राहून, दोरा गोल फिरवून माप घेतलं. मी असा बसलो, की राजा शिंकला तरी हलत नव्हतो.

एक दिवस शिकारीहून धाकटा भाऊ एकटाच परतला. "दादा घोड्यावरून पडला," म्हणाला. आईसाहेब रडल्या, दरबार रडला, आणि आठवड्यात मी धाकट्याच्या डोक्यावर! राज्याची हाव त्याला पोरवयापासून होती. मिळालं ना आता? मग सुखाने बसावं की नाही?

छे! मी त्याला सैल. सोनार दोरा घेऊन मागे जाताच हा ओरडला, "मागे नाही! समोरून घे."

"महाराज, डोकं काय नुसतं समोरच असतं?"

"जास्त बोललास तर तुझं कुठेच नसेल."

झालं! कपाळ दोऱ्याने मोजलं, मागची बाजू अंदाजाने. मला कापलं. तरी सैलच, कारण याची झोप उडाली, केस गळाले, गाल बसले. पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा कापताना सोनार पुटपुटला, "याच्या मागे आहे तरी काय?" विचारलं कुणाला, तर भट्टीला! शहाणाच तो.

आणि एकदा भर दरबारात मी राजाच्या डोळ्यांवर घसरलो. मागच्या आसनावर आईसाहेब होत्या. लेकाची फजिती नको म्हणून त्या उठल्या आणि मला सरळ करायला त्यांनी मागून हात लावला.

"दादा, नको!" तो किंचाळला. "मी मागून मारलं, चुकलं माझं, पण तू मागून नको मारू!"

आईसाहेबांचा हात माझ्यावर तसाच राहिला.

"घोड्यावरून पडला म्हणाला होतास ना रे?"

पहारेकऱ्यांनी त्याला नेलं, तेव्हाही तो मागे वळून वळून बघत होता.

मित्रांनो, मला काही विचारलं नाहीत तरी चालेल. पण कुणी येऊन "पडला" म्हणालं, की कुठे, कसा, कुणाच्या देखत, हे त्याच दिवशी विचारा. त्या आईला विचारायला तीन वर्षं लागली.