दोन वह्या आणि एक बाही

सोमवारी शाळा सुटल्यावर आईने मुलाला शिलाई मशीनपाशी उभं केलं. रविवारच्या अंतिम सामन्यासाठी क्लबच्या बारा मुलांची पूर्ण बाह्यांची जॅकेटं तिच्याकडे शिवायला आली होती. अकरा बेतून झाली होती, घरच्या गिऱ्हाइकाचं माप तेवढं राहिलं होतं. घरच्या माणसाचा नंबर शेवटी लावायची सगळ्या शिवणाऱ्यांची खोड असते, तशी तिचीही होती.

"ताठ उभा राहा. हात खाली सोड."

डाव्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप सरळ धरली. एकवीस इंच. उजवीकडे धरली तर वीस. टेप घसरली असेल म्हणून तिने पुन्हा धरली. पुन्हा वीसच.

"हात पूर्ण सोड म्हटलं ना."

"सोडलाय गं. एवढाच जातो तो."

बूट जरा चावतो म्हणावं इतक्या सहज तो बोलून गेला. असा दुसरा एक हात मात्र आईच्या चांगल्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या प्रत्येक शर्टाची उजवी बाही ती सोळा वर्षं दीड इंच आखूड बेतत आली होती. तोही लहानपणी बेसबॉल खेळायचा, तोही पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. त्याचं कोपर तेव्हा जे वाकलं ते कायमचं. कारखान्यात लेथवर काम करताना जड तुकडा तो डाव्या हातानेच उचलायचा. पण रविवारी मैदानाच्या कुंपणाशी जुने खेळाडू जमले, की आपापले वाकडे हात एकमेकांना दाखवून हसायचे. लढाईतून परत आल्याचा थाट असायचा तो. आणि बाजूला उभी असलेली पोरं ते डोळे भरून बघायची.

मुलगा तेरा वर्षांचा. मैदानावर त्याला सगळे 'तोफ' म्हणत. आईला कोणी नावाने ओळखत नसे, ती तोफेची आई. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला?

त्याच्या वयाला एका सामन्यात पंचाहत्तर फेकी, हा नियम होता. मोजायला कोणीतरी लागतं, म्हणून शाळेच्या सरांनी तिला निळी वही दिली होती आणि क्लबच्या सरांनी लाल. शनिवारी निळी, रविवारी लाल. दोन्हींत तिचं सुबक अक्षर. आपलं मोजणं कसं काटेकोर, याचा तिला अभिमान होता.

मंगळवारी दुकान बंद ठेवून ती मुलाला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. घरात कोणालाच सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कोपर दाबलं तसा मुलगा ओठ चावून छताकडे बघू लागला.

"आठवड्यात किती फेकी होतात?"

"पंचाहत्तरच्या वर कधी नाही," आई ठामपणे म्हणाली. "मी स्वतः मोजते."

"एकाच संघाकडून खेळतो?"

 आईने पिशवीतून दोन्ही वह्या काढून टेबलावर ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी पेन काढलं. शनिवारच्या पंचाहत्तर, रविवारच्या सत्तर. "आणि सामन्याआधी अंग गरम करायला चेंडू टाकतात ते?"

"ते मोजत नाहीत."

"हाताला ते माहीत असतं का?"

"आणि बाबांबरोबर अंगणात," मुलगा हळूच म्हणाला. "रोज पन्नास."

बेरीज पाचशेच्या पुढे गेली. ती बेरीज कोणी कधी केलीच नव्हती. सरांना आपापली वही ठाऊक, नवऱ्याला अंगण ठाऊक. आणि दोन्ही वह्या जिच्या उशाशी असायच्या, त्या बाईने पानं भरली, पण दोन आकडे एकाखाली एक मांडले नाहीत.

"या वयात हाड अजून वाढत असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढीची जागा कोवळी असते, ती ओढली जातेय. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. लावलात तर हा हात असाच राहील, किंवा याहून वाईट."

घरी नवरा जेवताजेवता ऐकत होता.

"डॉक्टर लोकांना घाबरवायचाच पगार मिळतो," तो म्हणाला. "रविवारी निवड समितीचा माणूस येणार आहे. एवढा एक सामना होऊ दे, मग घे म्हणावं विश्रांती."

"अहो, एक इंच कमी भरला हात."

"माझा दीड आहे. काय अडलं माझं?"

आईने त्याच्या ताटाकडे पाहिलं. तो घास डाव्या हाताने घेत होता. किती वर्षं घेत होता, तिला आठवेना. उजवं कोपर सरळ होत नव्हतं तसं पूर्ण मिटतही नव्हतं, हे घरात कोणी बोलतच नव्हतं.

"मला दुखत नाही, आई," मुलगा म्हणाला. "खरंच."

शुक्रवारी तिने मशीनमध्ये जाड सुई घातली आणि दोन्हीकडचे आकडे एकत्र दिसावेत म्हणून निळी नि लाल अशा दोन्ही वह्या पाठीला पाठ लावून शिवून टाकल्या.

रविवारी मैदान गच्च भरलं होतं. क्लबचे सर वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. पोरांना खाऊ घालायचे, घरी सोडायचे, बापाच्या मायेने पाठ थोपटायचे. सामन्याआधी ते आईजवळ वाकले.

"ताई, आज जरा हात सैल ठेवा. चारदोन फेकी इकडच्या तिकडे झाल्या तर कोण बघतंय?"

 तिच्या मनात अजून आशा होती, की नवरा बघेल, सर बघतील, कोणीतरी मोठं माणूस बघेल आणि थांबवेल. वाईटपणा आपल्यावर येऊ नये, असं कोणाला वाटत नाही? पहिली फेक झाली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पाचव्या फेकीनंतर मुलाने टोपी डाव्या हाताने सारखी केली. नवव्या फेकीला त्याचं तोंड पांढरं पडलं आणि उजवा हात पोटाशी आला. टाळ्यांच्या गदारोळात ते कोणाला दिसलं नाही.  आई उठली आणि शिवलेली वही घेऊन थेट पंचांकडे गेली.

पंचांनी पानं उलटली. "बाई, आजच्या फक्त नऊ झाल्यात. नियम एका सामन्याचा आहे. मी थांबवू शकत नाही."

"पालकांची सही लागते ना खेळायला?"

"लागते."

"तो कागद द्या."

सर धावत आले. "ताई, बारा पोरांचं वर्ष आहे हो हे. सगळ्यांच्या तोंडचा घास काढू नका."

तिने आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. पेनाखाली कागद फाटला.

मैदानात कुजबुज झाली, मग हुर्यो. मुलगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला, डोळ्यांत पाणी आणि राग. "तू माझं वाटोळं केलंस," तो म्हणाला. तेवढ्यात कुंपण ओलांडून नवरा आला. तो भांडायलाच आला होता, तोंड उघडलंही होतं.

"आधी त्याला हात सरळ करायला सांगा," आई म्हणाली. "मग मला काय ते बोला."

मुलाने दात खाऊन हात ताणला. कोपर पूर्ण उघडण्याआधीच अडलं. बापाने नकळत आपला हात त्याच्या शेजारी धरला. दोन्ही हात एकाच जागी वाकले होते. 

"मलाही तेराव्या वर्षीच झालं होतं," बाप म्हणाला. "माझ्या आईला सांगितलं नव्हतं मी."

त्याने मुलाच्या हातातला चेंडू घेतला आणि सरांच्या हातात दिला. क्लब हरला.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. मुलगा आईशी आठ दिवस बोलला नाही. कुंपणाशी जुने खेळाडू तिला नावं ठेवत होते. पण एके सकाळी क्लबच्या कॅचरची, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या मुलाची आई दुकानात आली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाताजाता पिशवीतून दोन वह्या काढून मशीनवर ठेवल्या. "याही जोडून द्या," ती खाली बघत म्हणाली. पुढच्या आठवड्यात आणखी तिघी आल्या.

रविवारी अर्धवट राहिलेलं बारावं जॅकेट अजून खुंटीला टांगलेलं होतं. नवऱ्याने विचारलं, "उजवी बाही किती बेतलीस?"

"एकवीस."

 गेल्या सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिने या घरातल्या वाकलेल्या हातासाठी उजवी बाही पूर्ण लांबीची कापली होती. बाहीची कड तिने दुमडली नव्हती, नुसता कच्चा टाका घातला होता, लागलं तर आखूड करता यावी म्हणून.

सहा आठवडे संपले, त्या सोमवारी मुलगा शाळेतून येऊन आपणहून मशीनपाशी उभा राहिला. आईने गळ्यातली टेप काढली. खांद्यावर तिचं टोक धरलं पण मनगटापर्यंत ती न्यायचं धाडस तिला होईना.

"हात खाली सोड, बाळा," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.