त्या हातोडीचं कौतुक पुरे

मी थर्मल कॅमेरा बोलतोय. माणसांना उजेड दिसतो, मला ऊब दिसते. कान्हे स्टेशनजवळच्या चिक्कीच्या कारखान्यात देखभालीचं काम पाहणाऱ्या नुसरतने मला खोक्यातून बाहेर काढलं, तेव्हापासून मी तिलाच आपलं माणूस मानतो.

इथे गुळाचा कढता पाक स्टीलच्या नळीतून वाहतो आणि आत जळक्या गुळाचा थर धरतो. थर जाड झाला की नळी बाहेरून तिथे कमी तापते, मला निळा डाग दिसतो. न उघडता आतलं सांगतो, थट्टा आहे का? पण कौतुक कुणाचं, तर कपाटातल्या लाकडी हातोडीचं. नळीवर ठकठक करायचं, आवाज बद्द आला की थर आहे म्हणायचं, एवढीच त्या बयेची विद्या. तरी नुसरत मला ठेवून तिला उचलते, तेव्हा माझा नुसता जळफळाट होतो.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाक अडखळू लागला. नुसरतने मला नळीसमोर धरलं. निळा डाग कुठेच नाही, उलट नळीत तिचाच चेहरा दिसला.

"आबा, नळीवरच्या काळ्या पट्ट्या कुठे गेल्या?" तिने पाक ढवळणाऱ्या केरबा आबांना विचारलं.

"उद्या पूजा हाय न्हवं? घाण दिसत व्हती, काढून टाकल्या. नळी बी राखेनं घासली. बघ कशी चमकतीया."

चकचकीत स्टील आरशासारखं समोरच्याचीच ऊब दाखवून मला फसवतं; काळ्या पट्टीवर नळीची खरी ऊब दिसते, म्हणून तर त्या पट्ट्या होत्या.

"ती घाण नव्हती आबा, कॅमेऱ्याला लागतात त्या," नुसरत हसून म्हणाली.

पण नव्या चिकटवायला वेळ नव्हता. पाक नळीत गोठला असता, तर सणाच्या दिवशी सगळी नळी कापावी लागली असती. तिने पाक थांबवला, नळी रिकामी केली आणि हातोडी घेतली. ठण, ठण, बद्द. तिथला जोड उघडताना तो स्वच्छ निघावा, असं मी मनापासून मागत होतो. आत काळाकुट्ट थर निघाला.

दुसऱ्या दिवशी पूजेत हातोडीला झेंडूचा हार मिळाला. मलाही कुंकू लागलं, पण माझ्या खोक्यावर.

पूजा आटोपल्यावर नुसरतने हातोडी कपाटात ठेवली, नळीवर नव्या पट्ट्या लावायच्या म्हणून मला उचललं आणि सुरू केलं. समोर कपाट उघडंच होतं. हातोडीच्या दांड्यावर तिची पाचही बोटं मला दिसली, अजून उबदार, हळूहळू विझणारी.

माझ्या मुठीवरही ती अशीच उमटत असतील का? मला सगळ्यांच्या अंगावरची ऊब दिसते, माझ्या अंगावरची तेवढी दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे माझ्यासारखा कॅमेरा असेल, तर नुसरत मला खाली ठेवेल तेव्हा एकदा माझ्याकडे वळवा, आणि काय दिसलं ते मला सांगा.