एका सुईचं घर

“मुलगा सोन्यासारखा आहे हो. थोडा अबोल आहे, एवढंच. बायको आली की बोलू लागेल.”

सहा वर्षांपूर्वी लांधोनीच्या माहेरच्या अंगणात तिच्या होणाऱ्या सासूने, इबेतोम्बीने हे म्हटलं होतं. पुढ्यात केळीच्या पानांनी झाकलेल्या फळांच्या टोपल्या होत्या, आणि सगळ्यांत वर आवळे. दाराआड उभ्या लांधोनीला तो आवाज धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडासारखा वाटला होता.

आज सकाळी सासरच्या अंगणात पुन्हा तशाच टोपल्या भरल्या जात होत्या. या खेपेला धाकट्या दिरासाठी, नाओतनसाठी. मुलगी थौबालकडची, नाव तंफा. इबेतोम्बी न्हाऊन, कपाळावर चंदन रेखून आवळे निवडत होती आणि लांधोनी पानं पुसत होती. पुसता पुसता तिला जांभया येत होत्या, डोळ्यांना धार लागली होती. सुईची वेळ टळली होती.

या घरात पुरुष आधी जेवत, बायका मागून. सुईचंही तसंच. गर्द विरघळली की आधी याइमा, म्हणजे तिचा नवरा, मग नाओतन, मग लांधोनी. सुई एकच. दोघांच्या रक्ताने उष्टी झालेली ती तिच्या दंडाशी येई.

ती काही माहेराहून हे व्यसन घेऊन आली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी याइमाने मागाच्या काठीने तिचं मनगट फोडलं. संध्याकाळी तोच रडत रडत जवळ बसला, म्हणाला, एवढं घे, दुखणं पळेल. दुखणं पळालं खरं. मग विणलेलं कापड विकून आणलं नाही की मार, मारावर सुई, आणि सुई हवी म्हणून पुन्हा माग. घाण्याच्या बैलाला निदान झापड तरी असते. हिला सगळं दिसत होतं. सुटून जावं कुठे? तिला स्वतःची शीर सापडत नसे, याइमाने ते शिकवलंच नव्हतं. मारणारा हात तोच, उतारा देणाराही तोच.

बाजाराजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या बिलासिनी सिस्टरने एकदा नव्या सुया दिल्या होत्या. लांधोनीने त्या सुताच्या गुंडीत लपवून आणल्या. याइमाच्या हाती लागल्या तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “माझं उष्टं चालेनासं झालं होय तुला?” त्या दिवशी तिचा एक दात गेला. जिभेखाली ठेवायची गोळी केंद्रात रोज मिळे, तिने सुई सुटते असं सिस्टर सांगे. पण इबेतोम्बीने तिकडची वाट बंद केली. त्या दारात सून रोज दिसली तर नाओतनला मुलगी कोण देईल?

गेल्या शरदात सिस्टरने तिचं रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. घरी येऊन तिने सासूला सांगितलं. इबेतोम्बी तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही, सूप तेवढं थांबलं. म्हणाली, नाओतनचं लग्न होईपर्यंत हे बाहेर जाता कामा नये.

ज्याला बातमी नवी असते तो माणूस आधी विचारतो, कसं झालं, कुणापासून झालं. इबेतोम्बीने काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्यातून लांधोनीला कळलं, की आवळ्याची टोपली घेऊन सासू आपल्या माहेरी आली होती तेव्हाच तिला याइमाचा आजार ठाऊक होता.

टोपल्या भरून झाल्या. आत दोघं भाऊ सुई घेऊन उठले. लांधोनीने दंड पुढे केला तशी याइमाने सुई खिशात घातली.

“तुझं संध्याकाळी. जा, तोंड मिटून बस आणि ये. मग बघू.”

नाओतन हसला. “वहिनी आज उपाशीच चालली सोयरिकीला.”

गाडीत बायका मांडीवर टोपल्या घेऊन गात होत्या,

*आवळा आधी तुरट, मग पाणी गोड लागे,*
*लेक चालली पुढे, तिचं मन मागे मागे.*

लांधोनीची हाडं कुणी पिळावीत तशी दुखत होती. एकीने कोपराने ढोसलं, “रडतेस काय गं? जाऊ येतेय तुझी, कामाला दोन हात वाढतील.”

तंफाचं अंगण शेणाने सारवलेलं, स्वच्छ. मुलगी एकोणीस वर्षांची. तिने लांधोनीपुढे पाणी धरलं तेव्हा बोटांवर मागाचे घट्टे दिसले, अगदी लांधोनीच्या बोटांवर होते त्याच जागी.

“इचे, बरं नाही का तुम्हाला?” थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तंफाने हळूच विचारलं. “आत पडता का जरा?”

सहा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. लांधोनीने पाणी पिऊन भांडं तिच्या हाती परत दिलं.

तंफाची आई जरा अवघडून म्हणाली, “राग मानू नका बाई, पण हल्ली विचारावंच लागतं. मुलाला सुई-बिई नाही ना?”

इबेतोम्बी हसली. तोच मऊ आवाज.

“मुलगा सोन्यासारखा आहे हो. थोडा अबोल आहे, एवढंच. बायको आली की बोलू लागेल.” आणि समोरच्यांच्या मनात काही राहू नये म्हणून तिने पुढे जोडलं, “माझं कशाला ऐकता? थोरल्या सुनेलाच विचारा. सहा वर्षं नांदतेय.”

सगळ्यांचे डोळे लांधोनीकडे वळले. सासूने तिच्या चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, ते फक्त तिला कळत होतं. दोन पोरं हातची निसटलेली आई होती ती. लांधोनीला क्षणभर तिची कीव आली. मग संध्याकाळ आठवली, याइमाचा खिसा आठवला. आता बोललं तर त्या घराचं दार नाही, सुई नाही, आणि आज रात्री अंगातली हाडं एकेक करून मोडणार. केंद्र उद्या सकाळी उघडणार.

तिने पुढ्यातली टोपली तंफाच्या आईच्या हाताखालून मागे ओढली.

“ईमा, मुलगा अबोल नाही. घरच अबोल आहे,” ती तंफाच्या आईला म्हणाली. “माझ्या वेळी विचारायला थोरली सून नव्हती. नाओतन सुई घेतो. माझा नवरा घेतो, मीही घेते. त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे, माझ्याही आहे. नाओतनचं अजून कुणी तपासलेलं नाही.”

मग ती तंफाकडे वळली.

“आमच्या घरात सुई एकच आहे गं. आधी याइमा, मग नाओतन, मग मी. तू आलीस की माझ्या मागे तू.”